काळं पायपुसणं

वहिनीचा फोन आला तेव्हा तो गुडघ्याच्या पट्ट्यांवरचा लेख अर्ध्यावर आणून बसला होता. वहिनी एरवी दुपारची फोन करायची नाही, म्हणून काहीतरी अभद्र ऐकायच्या तयारीनेच त्याने तो उचलला, तर पलीकडून चक्क हसू आलं. "भाऊजी, गंमत सांगू? आई आता बाहेर जातच नाहीत!" आई म्हणजे त्याची आई, वहिनीची सासू. गेलं वर्षभर आईचं एकच चाललं होतं, दार उघडं दिसलं की निघायचं. कधी चपला घालून, कधी अनवाणी. कुणी दुधवाला, कुणी शाळेचा वॉचमन, कुणी अगदी परकी बाई तिला हाताला धरून परत आणून सोडायची, आणि प्रत्येक वेळी वहिनीचा जीव अर्धा व्हायचा. "कुलूप नाही, काही नाही," वहिनी सांगत होती, "दाराच्या आत काळं पायपुसणं टाकलंय. चांगलं मोठं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यांना तो खड्डा वाटतो हो. पाऊलच टाकत नाहीत." आणि मग ती पाठ केल्यासारखं म्हणाली, "कुलूप लावलं की माणूस कैदी होतो, पायपुसणं टाकलं की तो नुसता घरी राहतो." त्याला एकदम कानाशी गरम गरम वाटलं. हे वाक्य त्याचं होतं. ज्या दिवशी सुचलं त्या दिवशी त्याने ते कामाच्या खोलीतल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि वर चहा पाजला होता.

काहीतरी विचारायला हवं म्हणून त्याने विचारलं, "मग आई करते काय दिवसभर?" "काही नाही. उभ्या असतात तिथेच कडेला. मघाशी तर चक्क पालथ्या पडल्या होत्या जमिनीवर, हात पुढे करून. हात दे, हात दे, असं काहीतरी पुटपुटतात. पुटपुटू देत. बाहेर तर जात नाहीत! भाऊजी, आज मी बाहेरच्या दाराला कडी न लावता, कान बाहेर न ठेवता आंघोळ करणार आहे. डोक्यावरून." फोन ठेवताना ती गुणगुणत होती. लग्न होऊन आली तेव्हा अशी गुणगुणायची, त्यानंतर त्याने ते ऐकलं नव्हतं. तो मात्र फोन कानाला तसाच धरून बसला. हात दे. त्याचे गुडघे टेबलाखाली आपोआप जवळ आले आणि पायांना पाणी लागल्यासारखं थंड वाटलं.

खोलीत पंखा फिरत होता. खाली झेरॉक्सचं दुकान, वर ही खोली, आणि खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली पाच-सहा माणसं. ती माणसं लेख लिहायची. कुणी दातांच्या दवाखान्यासाठी, कुणी गाद्यांच्या कारखान्यासाठी, कुणी विम्याच्या एजंटासाठी. मालकांना लिहायला सवड नाही आणि येतही नाही, म्हणून ते काम बाहेर देतात, ते फिरत फिरत या खोलीत येतं. लोक रात्रंदिवस कसले कसले प्रश्न टाइप करत असतात. त्यांना आपल्या वेबसाइटवर ओढून आणायचं, आणि आणलं की धरून ठेवायचं, एवढाच धंदा. खोलीत कुणाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. ए दात, जरा खिडकी लाव. विमा आज आला नाही का? गाद्या लिहिणारी मुलगी लग्नानंतरही गादीच राहिली. तो स्वतः म्हाताऱ्यांच्या सामानाच्या साइटचं लिहायचा, चाकाच्या खुर्च्या, न्हाणीघरातल्या दांड्या, औषधांच्या डब्या, म्हणून त्याचं नाव म्हातारी. ए म्हातारी, चहा घेणार? पहिल्यांदा त्याला राग आला होता, मग सवय झाली. कामं आणून वाटणाऱ्या माणसाला सगळे मुकादम म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं.

मुकादमाची शिस्त कडक होती. लोक जसा प्रश्न विचारतात तसाच तो वर मथळ्यात घालायचा. आई सारखी घराबाहेर जाते, काय करावं? मग पहिल्या परिच्छेदात तोच प्रश्न पुन्हा, जरा हुंदका देऊन. उत्तर लगेच द्यायचं नाही. "उत्तर दिलंस की गेला तो," मुकादम म्हणायचा, "अर्ध्या पानापर्यंत बसवून ठेव, रडव, हसव, मग दे, आणि उत्तराच्या शेजारी वस्तू दिसली पाहिजे." आणि लिहिणारा माणूस घरातला वाटला पाहिजे. म्हणून मग ताई जन्माला आली. ताई म्हणजे घरी विसराळू आई असलेली एक लेक. नोकरी सोडून आईचं करणारी, दमणारी, चिडणारी, तरी हसणारी. ताईची आई त्याने आपल्या आईवरून बेतली, कारण दुसरी आई कुठून आणणार? त्याची आई रिकाम्या पिशव्यांच्या त्रिकोणी घड्या घालून त्या उशीखाली ठेवते, ताईचीही ठेवायला लागली. त्याची आई आरशातल्या बाईला आत या म्हणते, ताईचीही म्हणाली. हे सगळं त्याला फोनवर वहिनीकडूनच कळायचं. रविवारी फोनवर ऐकायचं, सोमवारी लिहायचं. ताई मात्र आईला न्हाऊ घालायची, भरवायची, नखं काढायची. लिहिता लिहिता त्याचे डोळे भरून यायचे, आणि मग आठवड्याभराचं काहीतरी फिटल्यासारखं वाटून तो घरी जाऊन गाढ झोपायचा. गावी जायचं पुढे ढकलणं त्यामुळे किती सोपं गेलं, हे त्याने स्वतःलाही कधी विचारलं नाही.

पायपुसण्याची युक्ती त्याने कुठल्या कुठल्या साइट्सवर वाचून एकत्र केली होती. त्यातल्या एकीवर खाली बारीक अक्षरात होतं, काही जणांना याची भीती बसते, तसं दिसलं तर लगेच उचला. तेही त्याने प्रामाणिकपणे घातलं होतं. मुकादमाने ते वाक्य बोटाने दाखवून विचारलं होतं, "हे काय? गिऱ्हाईक पैसे काढायला लागलंय आणि तू त्याचा हात धरतोस?" आणि त्याने ते काढलं. वाद घातला नाही, कुरकुर केली नाही. उलट रिकाम्या झालेल्या जागी ते कैदीचं वाक्य बसवलं, आणि ते इतकं फक्कड बसलं की लेख सगळ्यांत वर गेला. सामानाच्या कंपनीने काळी पायपुसणी खास बनवून घेतली. लोक त्या लेखावर येतच राहिले, माश्या गुळावर येतात तसे, आणि त्यांतच त्याची वहिनी आली.

ताईंना विचारा म्हणून लेखाखाली जागा होती. लोक तिथे लिहायचे, तो ताई होऊन उत्तरं द्यायचा. आता त्याने ती जागा उघडली आणि वर वर सरकवत गेला. एक बाई तिथे नेहमी यायची, नाव लिहायची नाही, एक सून एवढंच लिहायची. तिला त्याने कितीदा तरी उत्तरं दिली होती, मनापासून, कारण ती मनापासून विचारायची. ताई, तुमच्या आईंसारख्याच आमच्या सासूबाई पिशव्यांच्या त्रिकोणी घड्या घालतात, वाचून मला रडू आलं. ताई, कधी कधी मला वाटतं त्या झोपल्या की उठूच नयेत, मी वाईट आहे का? तिथे त्याने लिहिलं होतं, वाईट नाहीस, दमली आहेस, दमले म्हणायला लाजू नकोस. आणि त्याच्याही वर: ताई, दीर आहेत एक, लांब असतात, माणूस चांगला आहे, दर रविवारी फोन करून सल्ला देतात. त्यावर ताई ठसक्यात म्हणाली होती, अशा सल्लागारांना एकदा चार दिवस आईजवळ ठेवून बघ म्हणावं! ते लिहिताना तो हसला होता. खोलीतल्या दातालाही वाचून दाखवलं होतं, आणि दात म्हणाला होता, बरोबर आहे, मेले असेच असतात. पंखा होता, खिडकी होती, तरी हवा पुरेना.

आणि हे सगळं एका बाजूला, दुसऱ्या बाजूला तो खड्डा. तो लहान असताना घरासमोरची गल्ली नळ घालायला खणली होती, आणि दारातून पलीकडे जायला फळी टाकली होती. फळीवरून पळू नकोस, असं आईने बजावलं होतं, म्हणूनच तो पळाला. आत गुडघाभर काळं पाणी. लागलं काहीच नव्हतं. पण आता मार बसणार या धास्तीने तो खड्ड्याच्या भिंतीला चिकटून, श्वास धरून, गप्प उभा राहिला. वर आई पालथी पडून आत वाकलेली. तिला उन्हातून आतलं दिसत नव्हतं. त्याला मात्र तिचा चेहरा दिसत होता, दंडापर्यंत आत सोडलेला हात दिसत होता, बोटं हवेत काहीतरी शोधत होती. "हात दे. हात दे रे. ओ दे, सोन्या." तो ओ देईना. तिचा आवाज बदलत गेला, चिडका होता तो घाबरा झाला, मग भलताच झाला, तसा आवाज त्याने पुन्हा कधी ऐकला नाही. तरी तो गप्प. शेवटी त्यालाच रडू फुटलं, तेव्हा तिने मनगट धरून त्याला ओढून काढलं, उभा केला, आपादमस्तक बघितला, आणि अशी सणसणीत थोबाडीत ठेवून दिली की कानात शिट्टी वाजली. मग कवटाळून इतकी रडली की शेजारीण तिला पाणी घेऊन आली. पुढे तो चांगला दाढीमिशीवाला झाला तरी रस्त्यात कुठे खणलेलं दिसलं की तिचा हात आडवा त्याच्या छातीवर यायचा. आता सगळं गेलं होतं, नवऱ्याचं नाव गेलं, थोरल्याचा चेहरा गेला, दिवस की रात्र ते गेलं. खड्डा तेवढा राहिला होता. आणि तो त्याने तिच्या दारात, घरबसल्या, आकर्षक मथळा देऊन खणून दिला होता.

त्याने वहिनीला परत फोन लावला. तिची आंघोळ झाली होती, आवाज ओला आणि खूष होता. "वहिनी, ते पायपुसणं काढा." "का बरं?" "आई घाबरतेय. तिला वाटतंय मी आत पडलोय." "तुम्ही? तुम्ही कशाला पडाल?" त्याने गल्ली, नळ, फळी असं भराभर सांगितलं, पण फोनवर ते फारच पोरकट वाटायला लागलं. वहिनी बोलली तेव्हा गुणगुण संपली होती. "भाऊजी, रागावू नका, पण तुम्ही रविवारी फोन करता. परवा आई हमरस्त्यापर्यंत गेल्या होत्या, ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचल्या. हे तुमच्या दादांनाही सांगितलं नाही मी, पाळीवर जातात, वर घोर कशाला? ताई स्वतः आईचं करतात. त्यांना माहिती असेल की तुम्हाला?" "कोण ताई?" त्याने विचारलं, आणि स्वतःचीच किळस आली. "आहेत एक," वहिनी म्हणाली, "त्यांनी काढ म्हटलं तर काढीन."

हे एक बरं झालं असं त्याला क्षणभर वाटलं. ताई तर त्याच्या हातातली! त्याने लगेच लिहायला घेतलं. एका सुनेस, ते पायपुसणं आजच उचल, माझं चुकलं, मी अर्धंच सांगितलं. लिहून पाठवलं. पण ताईचं लिहिलेलं मुकादमाच्या नजरेखालून गेल्याशिवाय साइटवर येत नसे. तो दोनदा उठला, दोनदा बसला, पाणी प्यायला, खिडकीपाशी जाऊन आला. गादी म्हणाली, "म्हातारी, बस की एका जागी, मुंग्या लागल्या का?" मग मुकादमच आला आणि त्याच्या टेबलाच्या कडेवर टेकला. "काय रे, बरा आहेस ना? सगळ्यांत जास्त माणसं आणणारा लेख आपला, आणि त्याच्याच खाली माझं चुकलं?" "माझ्या आईवर चाललाय तो प्रयोग." "म्हणजे?" त्याने सांगितलं. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकलं, च्च च्च केलं, खांद्यावर हात ठेवला. "मग घरी सांग ना. साइटला कशाला सांगतोस?" "वहिनी माझं ऐकत नाही. ती ताईचं ऐकते." यावर मुकादमाला हसू आलं, आवरता आवरेना. "अरे, मग जमलंय की तुला लिहायला!" तो हसत हसत गेला आणि ते उत्तर त्याने पुसून टाकलं. थोड्या वेळाने त्याच जागी नवा प्रश्न उगवला. ताई, दीर म्हणतात पायपुसणं काढा, मी काय करू? एक सून. प्रश्नाखाली कोरी जागा. तो त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला. मग संगणक चालू ठेवूनच जिना उतरला. मागून दात ओरडला, "म्हातारी, कुठे?"

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, पण बसवेना. शेजारचा माणूस शेवटी वैतागून म्हणाला, "उतरायचंय का तुम्हाला?" तो नाही म्हणाला आणि पाय आवळून बसला. मनात सारखी वाक्यं जुळत होती, ही त्या धंद्याची खोड. आई तुम्हाला ओळखत नाही तेव्हा काय करावं? पहिला परिच्छेद आपोआप तयार व्हायचा, हुंदका बरोबर त्याच्या जागी यायचा, आणि तो स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालायचा. वहिनीला काय सांगायचं, हे मात्र जुळेना. ताई नाही म्हणून सांगितलं की तिचं उरतं काय? तिच्या सुखदुःखाला तेवढी एकच बाई होती. सकाळपासून रात्रीपर्यंत त्या घरात तिच्याशी धड बोलणारं कुणी नाही. नवरा येतो तो झोपायला, सासूला ती कोण तेच माहीत नाही, आणि दीर रविवारी सल्ला देतो. गाडी थांब्याथांब्यावर रेंगाळत होती. त्याला तिचा राग यायला लागला, ड्रायव्हरचा राग यायला लागला, ट्रकवाल्याने ब्रेक मारला हे आठवून डोळ्यांत पाणी आलं. खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती. मार बसेल अशी ती जुनीच भीती.

दार उघडंच होतं. उन्हं कलली होती आणि तिरपा उजेड बरोबर उंबऱ्यापर्यंत येऊन थांबला होता. त्याच्या आत ते पायपुसणं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, काळंकुट्ट. त्याला माहीत असूनही क्षणभर खड्डाच दिसला. पलीकडच्या काठावर आई पालथी पडली होती. केस विंचरलेले होते, पाठ वर खाली होत होती, हात पुढे, आणि बोटं त्या काळ्यावर काहीतरी चाचपत होती. आवाज बसला होता. "हात दे. ओ दे रे." तिच्या बाजूला वहिनीने उशी आणून ठेवली होती, वर पंखा लावला होता. म्हणजे वहिनीला दिसत होतं. दिसत असून तिने तसंच ठेवलं होतं, आणि तिचं काय चुकलं, हे त्याला सांगता आलं नसतं.

वहिनी हात पुसत आतून आली आणि थबकली. "अगंबाई! भाऊजी? असे अचानक?" तो बाहेरच उभा राहिला. "वहिनी, ते उचला." "पुन्हा तेच?" तिचा चेहरा पडला. "मी विचारलंय ताईंना. अजून उत्तर नाही आलं. कधी असा वेळ लावत नाहीत त्या." "येणार नाही उत्तर." "का?" "ताई नाहीच कुणी. ते मी लिहितो. पोटासाठी लिहितो. सगळं मीच." वहिनी हसली आधी. मग त्याच्याकडे बघत राहिली, आणि हसू हळूहळू उतरत गेलं. तिने पिशव्यांच्या घड्या आठवल्या असाव्यात, आरशातली बाई आठवली असावी, कारण तिची नजर एकदा आत आईच्या खाटेकडे जाऊन आली. तिने विचारलं, अगदी हळू, "दमले म्हणायला लाजू नकोस, ते?" "तेही." "तुम्ही लिहिलंत." "हो." "मग एवढ्या रविवारांत तोंडाने का नाही म्हणालात कधी?"

आई मध्येच कण्हली, आणि हात आणखी पुढे सरकवायला गेली तशी तिची हनुवटी फरशीला लागली. तो उंबरा ओलांडून आत आला. पायपुसण्यावर पाऊल ठेवताना त्याने नकळत श्वास धरला. मग गुडघे टेकले, बसला, आणखी वाकला, तिच्या डोळ्यांच्या खाली आपला चेहरा येईल इतका, आणि तिच्या बोटांत आपला हात दिला. बोटं दचकली. मग तिने मनगट पकडलं. या हाडांत एवढा जोर कुठून येतो? ती ओढायला लागली, तोंडातून हूं हूं करत, पाय फरशीवर घासत, आणि तोही गुडघ्यांवर सरकत सरकत वर आला, पार तिच्याजवळ. ती उठून बसली. धापा टाकत तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, पिकलेले कल्ले, चष्मा, पोट. तिने ओळखलं की नाही, कोण जाणे. तिने त्याचे गुडघे झटकले. आणि मग हात उगारून त्याच्या थोबाडीत दिली.

चष्मा उडाला. लागलं फारसं नाही. हाताला आता वजनच नव्हतं. पण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "मेल्या," ती म्हणाली, "केव्हाची हाका मारतेय. ओ का देत नाहीस?"

वहिनीने वाकून चष्मा उचलला, पदराने नाही, हातानेच पुसला, पण त्याच्याकडे दिला नाही. तो हातात धरून ती तिथेच, काळ्या पायपुसण्याच्या काठावर, आईशेजारी फतकल मारून बसली.

"सांगा ना, भाऊजी," ती म्हणाली.